मालिश डोक्याची, काळजी मानेची

स्तंभ : आरोग्य-विवेक



डोक्याला तेल घालणे हा आपल्या घराघरांतील फार जुना संस्कार आहे. नवजात बाळाच्या टाळूवर तेल थापण्यापासून तो सुरू होतो आणि वृद्ध आजींच्या विरळ केसांतून सूनबाई बोटे फिरवते तेथपर्यंत अखंड चालतो. बीडच्या मोंढ्यात दिवसभर गादीवर बसून भाव, उधारी आणि वसुली यांचा मेळ घालणाऱ्या व्यापाऱ्याचे डोके संध्याकाळी जड होते, तेव्हा त्याला प्रथम आठवते ती चंपी. अलीकडे या घरगुती उपचाराला नवी रूपे आली आहेत. केशकर्तनालयात दाढीनंतर डोके आणि मान चोळून देतात. ब्यूटी पार्लरमध्ये केस धुण्याच्या निमित्ताने मालिश होते. शिरोधारा करून देणारी पंचकर्म केंद्रे लहान गावांतही निघाली आहेत आणि मानेवर धरण्याचे विजेचे यंत्र तर कित्येक घरांच्या कपाटात असते.

या सुखाबरोबर एक तक्रारही अधूनमधून कानी येते. ‘मालिश करून आल्यापासून बरे वाटत नाही. डोके गरगरते, मळमळते, मान धरली आहे.’ त्यावर घरातून मिळणारे उत्तरही ठरलेले असते. ‘पित्त झाले असेल.’ मग लिंबाचे सरबत, सुंठ-साखर, पित्ताची एखादी गोळी आणि अंधाऱ्या खोलीत झोप. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. परंतु ज्या थोड्या प्रसंगी भागत नाही, त्या प्रसंगी ही झोपच घातक ठरू शकते. म्हणून या महिन्यात आपण एवढाच विचार करू की, मालिशीनंतरची अस्वस्थता केव्हा साधी समजावी आणि केव्हा क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

साध्या अस्वस्थतेची कारणे

प्रथम मनातील भीती दूर करू. मालिशीनंतर थोडे अस्वस्थ वाटणे ही सामान्य गोष्ट आहे आणि तिची कारणेही बहुधा सौम्य असतात.

पहिले कारण रक्तदाबाचे. मालिशीने शरीर सैलावते, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. अशा स्थितीत माणूस एकदम उठून उभा राहिला, तर मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. लागलीच कढत पाण्याने स्नान केले, तर हा परिणाम वाढतो. आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी आधीच घटलेले असते, त्यामुळे वैशाखातील चंपी पौषातल्या चंपीपेक्षा अधिक भोवते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण गळ्यावरील दाबाचे. जबड्याखाली गळ्याच्या बाजूस जेथे नाडी लागते, तेथे रक्तदाबाची नोंद घेणारे एक संवेदनशील स्थान आहे. तेथे जोराने चोळले, किंवा केशकर्तनालयातील कापड गळ्याभोवती फार घट्ट बांधले, तर काही व्यक्तींच्या हृदयाची गती मंदावते आणि रक्तदाब घसरून घेरी येते. वृद्धांमध्ये हे अधिक आढळते.

तिसरे कारण कानाचे. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. तेथील कॅल्शियमचे सूक्ष्म कण डोक्याच्या हालचालीने आपली जागा सोडून शेजारच्या नलिकेत शिरले, की अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरू लागते. हे फिरणे बहुधा मिनिटभराच्या आत थांबते आणि पुन्हा डोके हलविले की परतते. जाणकार डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने फिरवून ते कण मूळ जागी आणतात. औषधाची फारशी गरजही पडत नाही.

चौथे कारण स्नायूंचे. सवय नसलेल्या मानेवर जोर पडला, तर एक-दोन दिवस ती दुखते, आखडते आणि त्यातून डोकेही ठणकते. याशिवाय तेलाच्या उग्र वासाने मळमळ होणे, एखाद्या सुगंधी द्रव्याने त्वचेवर पुरळ उठणे, हे प्रकारही घडतात. कापूर किंवा निलगिरीचे तेल मिसळलेली तेले लहान मुलांसाठी आणि फेफऱ्याचा त्रास असलेल्यांसाठी वापरू नयेत. या द्रव्यांनी झटके येऊ शकतात.

आपल्या प्राचीन वैद्यकालाही या मर्यादा ठाऊक होत्या. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाची थोरवी सांगितली आहे. त्याच ठिकाणी कफाने ग्रस्त असलेल्यांनी, नुकतीच शोधनक्रिया झालेल्यांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी तो टाळावा, असेही बजावले आहे. डोक्यावर तेल वापरण्याचे अभ्यंग, धार, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार सांगून ते उत्तरोत्तर अधिक प्रभावी असल्याचे तेथे नमूद आहे. याचा सरळ अर्थ असा की, शिरोधारा हा करमणुकीचा विषय नसून औषधोपचार आहे आणि तो वैद्यांनी प्रकृती पाहूनच द्यावयाचा आहे.

चंपी गेली आणि शाम्पू होऊन परतली

मग धोका कोठे आहे? तो समजण्यासाठी एका शब्दाचा प्रवास पाहणे उपयोगी ठरेल. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द मुळात आपल्याकडच्या ‘चांपणे’ या क्रियेवरून, म्हणजे दाबणे-चोळणे यावरून गेला. पाटण्यात 1759 साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि त्यांनी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी वाफेचे स्नान व मालिश यांचे स्नानगृह चालविले. पुढे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांचे मालिशतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. कालांतराने त्या शब्दातील दाबणे मागे पडले, केस धुणे तेवढे उरले आणि तो शब्द साबणाची बाटली होऊन आपल्या न्हाणीघरात परतला.

शब्दाबरोबर बैठकही बदलली. घरातील चंपीत आई किंवा सूनबाई मागे बसते आणि तेल लावून घेणारा पाटावर पुढे बसतो. त्याची मान सरळ किंवा किंचित पुढे झुकलेली असते आणि दाब पडतो तो डोक्याच्या हाडावर. पार्लरमधील बेसिनच्या खुर्चीत मात्र मान मागे टाकून, चिनी मातीच्या कडेवर टेकवून, दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी लागते. काही केशकर्तनालयांत मालिशीच्या शेवटी हनुवटी आणि डोके धरून मान एका झटक्यात डावीकडे, मग उजवीकडे वळवतात. ‘कट’ असा आवाज झाला, की गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. या दोन्ही गोष्टींचा डोक्याशी संबंध नाही. त्या मानेशी केलेल्या क्रिया आहेत आणि मालिशीचा गंभीर धोका तेथेच आहे.

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतूनच वर जातात. दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने आणि दोन मागून, मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून. मागच्या दोन धमन्या सर्वांत वरच्या मणक्यापाशी वळण घेऊन कवटीत शिरतात. मान फार मागे नेली किंवा झटक्याने पिळली, तर याच वळणावर त्यांना ताण बसतो. क्वचित प्रसंगी धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते. त्या चिरेत रक्त शिरते, गुठळी जमते आणि गुठळीचा तुकडा वर मेंदूत जाऊन अडकतो. ज्याला आपल्याकडे लकवा किंवा पक्षाघात म्हणतात, तो अशा मार्गानेही येतो. चीर पडल्या क्षणी काहीच न जाणवता त्रास काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे मालिश आणि आजार यांचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

घडलेल्या घटना

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. मायकेल वाइनट्रॉब यांनी 1993 साली तेथील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात पाच स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुतल्यानंतर त्यांना मेंदूच्या रक्तप्रवाहाचे गंभीर त्रास झाले होते. त्यावरूनच ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ हे नाव रूढ झाले.

आपल्या अधिक जवळची घटना हैदराबादची आहे. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि आजही मराठवाड्यातील अनेक कुटुंबे खरेदीसाठी, नातेसंबंधांसाठी आणि उपचारांसाठी हैदराबादला जातात. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुधीर कुमार यांनी 2022 साली एका पन्नाशीच्या महिलेची हकिकत जाहीर केली. पार्लरमध्ये केस धुण्यासाठी मान मागे टाकलेली असताना तिला चक्कर, मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. तिला रक्तदाबाचा विकार होता. उलट्या होत आहेत म्हणून तिला प्रथम पोटविकारांच्या डॉक्टरांकडे नेण्यात आले. तेथील उपचारांनी आराम पडला नाही आणि दुसऱ्या दिवशी चालताना तोल जाऊ लागला. मग एमआरआय काढला, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागातील लहान मेंदूला रक्तपुरवठा तुटल्याचे दिसले. योग्य उपचारांनी ती सुधारली.

या घटनेतील एक गोष्ट आपल्या प्रत्येक कुटुंबाने मनावर कोरून ठेवावी. तिचा पहिला दिवस पोटाच्या उपचारात गेला. हैदराबादसारख्या मोठ्या शहरात, सुशिक्षित माणसांकडून असे होऊ शकते, तर आपल्याकडे ‘पित्त’ या एका शब्दाखाली किती वेळ हरवत असेल?

दुसरी घटना कर्नाटकातील बळ्ळारीची, 2024 मध्ये वृत्तपत्रांतून आलेली. तिशीच्या एका तरुणाला केस कापल्यानंतर नाभिकाने मोफत डोके-मालिश करून दिली आणि शेवटी मान पिळली. मानेत तीव्र कळ आली तरी तो घरी गेला. काही तासांनी त्याची वाचा अडखळली आणि डावी बाजू दुर्बळ झाली. तपासणीत गळ्यातील धमनीला चीर पडून रक्तप्रवाह घटल्याचे आढळले. उपचारांनंतर सावरायला त्याला सुमारे दोन महिने लागले. तो तरुण होता हे विशेष. लकवा म्हाताऱ्यांनाच होतो हा समज खरा नाही. धमनीची चीर हे तरुणांमधील पक्षाघाताचे एक महत्त्वाचे कारण आहे.

तिसरी घटना 2017 मधील, दिल्ली परिसरातील. 54 वर्षांच्या एका गृहस्थांची मान मालिशीनंतर दोन्ही बाजूंना झटक्याने वळविण्यात आली. त्यांच्या बाबतीत इजा धमनीला झाली नाही. श्वासपटल हलविणाऱ्या, मानेतून निघणाऱ्या नसांना ती झाली आणि त्यांना श्वास घेण्यासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागला.

या घटना विरळ आहेत. रोज असंख्य लोक चंपी करून घेतात आणि आनंदाने घरी जातात. विरळ गोष्टीची भीती बाळगू नये हे खरे, पण तिची ओळख अवश्य ठेवावी. दुकानाला आग रोज लागत नाही, तरीही आपण विम्याचा हप्ता चुकवीत नाही.

ओळखावे कसे?

साधी चक्कर काही मिनिटांत ओसरते, आडवे झाल्यावर कमी होते आणि तिच्याबरोबर दुसरे काही येत नाही. धोक्याची चक्कर एकटी येत नाही. म्हणून चक्कर किती जोराची आहे हे पाहत बसू नका. तिच्यासोबत काय आहे ते पाहा.

मालिशीनंतर, त्याच दिवशी किंवा पुढील काही दिवसांत, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ते पित्त समजू नये :

पूर्वी कधी न अनुभवलेली मानेची किंवा डोक्याच्या मागच्या भागाची एका बाजूची तीव्र कळ, चालताना तोल जाणे, एका बाजूला झुकणे, आधाराशिवाय बसता न येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा नजर अंधुक होणे, शब्द जड होणे, अडखळणे, पाणी गिळताना ठसका लागणे, चेहऱ्याची एक बाजू उतरणे किंवा बधिर होणे, एका हाता-पायातील बळ जाणे, उलट्या आणि गरगरणे न थांबणे, श्वास घेण्यास त्रास होणे, शुद्ध हरपणे.

आपल्याला लकव्याची ओळख असते ती वाकडे झालेले तोंड आणि लुळा पडलेला हात यांवरून. परंतु मेंदूच्या मागच्या भागाला झटका आला, तर तोंड सरळ आणि हात शाबूत असूनही धोका असू शकतो. तेथे तोल आणि नजर हीच मुख्य खूण असते. म्हणून रुग्णाला हात धरून चार पावले चालवून पाहावे. ज्याला सरळ चालता येत नाही, त्याला झोपवून ठेवू नये.

मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या साडेचार तासांत प्रवास, तपासणी आणि निर्णय सारे काही बसवायचे असते. म्हणून ‘दुकान वाढवून जाऊ’, ‘मुलगा मालाची गाडी उतरवून आला की निघू’, ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ ही तीनही वाक्ये त्या दिवसापुरती आपल्या घरातून हद्दपार करावीत. दिवाळीचा हंगाम असो की कापसाची खरेदी, गिऱ्हाईक परत येते, गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

येथे घरातील स्त्रियांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. स्वयंपाक, पाहुणे, लहान मुले या साऱ्यांत आपली चक्कर सांगणे अनेक भगिनींना संकोचाचे वाटते. त्यातून पार्लरमध्ये जाऊन आल्यावर त्रास झाला, तर ‘कशाला गेली होतीस?’ हे ऐकावे लागेल या भीतीने त्या गप्प राहतात. सासूबाईंनी आणि घरातील पुरुषांनी हा प्रश्न विचारण्याचे कटाक्षाने टाळावे. ज्या घरात कारण सांगितल्याबद्दल बोलणी बसतात, त्या घरात डॉक्टरांनाही खरे कारण कळत नाही.

तप आणि मालिश

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक बाब स्वतंत्र विचाराची आहे. चातुर्मासात आणि पर्युषणात तेला, अठ्ठाई, वर्षीतप करणाऱ्या तपस्व्यांची साता विचारताना घरचे लोक प्रेमाने त्यांचे पाय चेपतात, डोके चोळून देतात. ही सेवा उत्तमच आहे. परंतु तपाच्या दिवसांत शरीरात पाणी आणि क्षार कमी असतात, रक्तदाब उतरलेला असतो आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेतले जात नाही. अशा वेळी जोराची मालिश आणि पाठोपाठ एकदम उठणे हे घेरीला आमंत्रण ठरते. तपस्व्यांचे डोके हलक्या हातानेच चोळावे, मानेला व गळ्याला दाब देऊ नये, त्यानंतर काही वेळ पडून राहू द्यावे आणि मग आधी बसवून, थोड्या वेळाने हात धरून उभे करावे. रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी तप सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

तपाच्या काळात आणखी एक गैरसमज संभवतो. बाहेर जे पित्ताच्या नावावर खपते, ते येथे ‘तपाची अशक्तता’ म्हणून खपते. अशक्त माणूस थकतो, पण त्याची वाणी जड होत नाही आणि त्याला एकाच्या दोन वस्तू दिसत नाहीत. वर सांगितलेले लक्षण दिसले, तर तपस्वी असो वा नसो, मार्ग एकच. पच्चक्खाण मोडेल या विचाराने कुटुंबीयांनी अडून बसू नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत आणि प्राणांतिक व्याधीत समाधी टिकावी यासाठीचा आगारही त्यांत आहे. आपल्या गावात विराजमान असलेल्या साधू-साध्वीजींकडून याचे मार्गदर्शन आधीच घेऊन ठेवावे, म्हणजे ऐन वेळी घरात वाद होत नाही. शिवाय पक्षाघाताची शंका असताना गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे पाणीही द्यावयाचे नसते. त्यामुळे रुग्णालयाकडे धाव घेण्याने कोणाचा चौविहार मोडत नाही.

आपल्या जिल्ह्यात काय करावे?

बीड जिल्हा विस्ताराने मोठा आहे. परळी आणि केजच्या कुटुंबांना अंबाजोगाई जवळ. तेथे 1974 साली सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळीहून लातूरही दूर नाही. आष्टी आणि कड्याच्या मंडळींना अहिल्यानगर सोयीचे, तर गेवराईकरांना छत्रपती संभाजीनगर. बीड शहरात जिल्हा रुग्णालय आहे. परंतु जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय हे नेहमी एकच असते असे नाही. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच, एखाद्या निवांत दुपारी आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांना विचारावे : ‘मेंदूचा झटका आला तर आमच्या गावाहून थेट कोठे जावे? तेथे रात्री सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळते का?’ मिळालेले उत्तर, तेथील दूरध्वनी क्रमांक आणि शासकीय रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दुकानाच्या गल्ल्याजवळ आणि घरातील देवघराजवळ लावून ठेवावा.

प्रसंग ओढवलाच तर पाच गोष्टी पाळाव्यात. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि ती नक्की ठाऊक नसेल तर रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ते लिहावे. तोंडावाटे काहीही देऊ नये, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे तपासणीशिवाय कळत नाही. रुग्णाला स्वतः वाहन चालवू देऊ नये. आणि पाचवी, सर्वांत सहज विसरली जाणारी गोष्ट : डॉक्टरांना आवर्जून सांगावे की, अमुक दिवशी मालिश झाली होती, मान मागे टाकली होती किंवा पिळली होती. आरंभीच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागातील झटका नेहमी दिसतोच असे नाही. मालिशीची माहिती मिळाली, की डॉक्टर एमआरआय आणि मानेच्या धमन्यांची तपासणी यांचा विचार करू शकतात.

मालिश सोडावी काय?

मुळीच नाही. घरची चंपी हे स्वस्त आणि सात्त्विक सुख आहे. तिच्यातून मिळणारा मायेचा स्पर्श कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. मात्र ती यतनेने करावी. चालणे, बसणे, उठणे, बोलणे, प्रत्येक क्रियेत यतना राखावी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पायाखालच्या सूक्ष्म जिवाची जपणूक करणाऱ्या आपल्या हातांनी स्वतःच्या आणि आप्तांच्या मानेविषयी निष्काळजी राहणे योग्य नव्हे.

केशकर्तनालयात खुर्चीवर बसतानाच नम्रपणे सांगावे, ‘डोके चोळा, पण मान वळवू नका.’ आपले नाभिक बांधव वर्षानुवर्षांचे परिचित असतात. मान पिळतात ती गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणूनच, आणि एकदा सांगितले की ते लक्षातही ठेवतात. पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर जाड टॉवेलची घडी ठेवून घ्यावी, मान फार मागे जाऊ देऊ नये आणि अस्वस्थ वाटताच संकोच न करता उठून बसावे. शक्य असल्यास केस घरी धुऊन जावे. साठी ओलांडलेले, रक्तदाब व मधुमेह असलेले, मानेच्या मणक्यांची झीज किंवा हाडांचा ठिसूळपणा सांगितला गेलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि पूर्वी झटका येऊन गेलेले यांनी मानेची मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊच नये. विजेचे यंत्र खांद्यावर आणि पाठीवर चालवावे, गळ्यावर आणि मानेच्या बाजूंवर नव्हे. मालिशीनंतर दहा मिनिटे बसून राहावे, मग कोमट पाण्याने स्नान करावे आणि वृद्धांनी न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण व्यापारी माणसे. रोकड जुळली नाही तर रात्री बारापर्यंत वही घेऊन बसतो आणि दोन रुपयांचा फरकही शोधून काढतो. ‘असेल काहीतरी’ असे म्हणून वही मिटत नाही. तीच सवय शरीराच्या बाबतीत लावून घ्यावी. मालिशीनंतर घरातील कोणी ‘बरे वाटत नाही’ असे म्हणाले, तर ‘पित्त’ लिहून खाते बंद करण्यापूर्वी त्याला चालवून पाहावे, दोन शब्द बोलवून पाहावे, नजर विचारावी आणि मानेत कळ आहे का ते विचारावे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. चारही गोष्टी ठीक असतील आणि घेरी ओसरत असेल, तर खुशाल सुंठ-साखर द्यावी. एखादी जरी चुकत असेल, तर मात्र गल्ला तसाच सोडून निघावे.

आपणा सर्वांना सुखसाता लाभो. जय जिनेंद्र.